मोझेलच्या खोऱ्यात किल्ल्यांआधी उतार पाहावेत

द्राक्षमांडव (जालना)

सन 2023 च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी व माझी पत्नी जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यात नऊ दिवस राहिलो. मुलगी कोब्लेन्झ येथे नोकरीस असल्यामुळे जाणे घडले. हा काळ आमच्याकडे गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचा असतो आणि बागायतदाराने या दिवसांत गाव सोडू नये असे मला अजूनही वाटते. परंतु तिकडे याच दिवसांत द्राक्षतोडणी सुरू होते, आणि ती पाहायची असेल तर दुसरा मुहूर्त नाही, म्हणून छाटणी धाकट्या भावाकडे सोपवून निघालो. परतल्यापासून अनेकांनी प्रवासाबद्दल विचारले, त्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

मोझेल फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावते, काही अंतर लक्झेंबर्गची सीमा होऊन वाहते आणि कोब्लेन्झ येथे ऱ्हाइनला मिळते. तिची एकूण लांबी सुमारे 545 किलोमीटर आहे. प्रवाशाला ज्या भागात रस असतो तो ट्रियर ते कोब्लेन्झ हा शेवटचा पट्टा होय. ही दोन शहरे सरळ रेषेत जेवढी दूर आहेत, त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे 190 किलोमीटर अंतर नदी वळसे घेत कापते. हे वळसेच या खोऱ्याचे भाग्य आहे, कारण प्रत्येक वळणावर कुठला ना कुठला काठ दक्षिणेकडे तोंड करून उभा राहतो आणि 50 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, जिथे ऊन हेच सर्वांत महाग खत आहे, तिथे दक्षिणमुखी उताराला सोन्याचे मोल येते.

द्राक्षबाग म्हटली की आपल्यासमोर कडवंचीच्या वाटेवर दिसते तसे चित्र येते: लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, ठिबकच्या नळ्या आणि बांधाला लागून कागद अंथरलेले शेततळे. मोझेलवर यातले काहीही नाही. बाग डोंगराच्या अंगावर चढलेली असते, आणि चढ असा की काही ठिकाणी हात टेकल्याशिवाय उभे राहता येत नाही. ब्रेम गावामागचा काल्मोंट हा उतार काही जागी 65 अंशांपर्यंत जातो आणि तो युरोपातील सर्वांत तीव्र उताराची द्राक्षबाग म्हणून ओळखला जातो. पायाखाली माती जवळजवळ दिसत नाही. सर्वत्र पाटीच्या दगडाच्या काळ्या-निळ्या चिपा पसरलेल्या असतात. हा दगड सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ दबून तयार झालेला आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतो. संध्याकाळी सात वाजता, गार वारा सुटलेला असताना, मी एका भिंतीला तळहात लावला, तेव्हा ती भाकरी उतरवल्यानंतरच्या तव्यासारखी कोमट होती.

वेल बांधण्याची रीतही वेगळी आहे. मांडव नाही, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे आधार नाहीत. अनेक जुन्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब असतो आणि दोन काड्या दोन्ही बाजूंनी वाकवून खाली अशा बांधतात की त्यांचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा दिसतो. तार नसल्यामुळे माणूस उतारावर आडवाही चालू शकतो, आणि तिथे ही फार मोठी सोय आहे. आपण एप्रिलमध्ये खरड व ऑक्टोबरमध्ये गोडी अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतो; त्यांची छाटणी एकच, हिवाळ्यात, वेल निद्रिस्त असताना. मुख्य वाण रीसलिंग आहे आणि खोऱ्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्र त्याच एका वाणाखाली आहे. मणी लहान, साल पातळ, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतही पुष्कळ आंबटपणा शिल्लक राखणारा. आपण साखर ब्रिक्समध्ये मोजतो, ते ती एक्स्ले नावाच्या मापात मोजतात. मात्र मणी तोंडात टाकून डोळे मिटण्याची रीत दोन्हीकडे सारखीच दिसली.

मला सर्वांत जास्त धक्का बसला तो खुंट पाहून. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या आणि त्यानंतर जवळजवळ सर्वत्र अमेरिकी खुंटावर कलम करण्याची पद्धत आली. आपण डॉगरिज या खुंटावर कलम करतो ते मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. परंतु मोझेलच्या दगडी उतारांवर ती कीड नीट पसरू शकली नाही, त्यामुळे तेथे आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली आढळतात. विनिंगेनजवळ अशा एका वेलीचे मांडीएवढे जाड खोड पाहून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

किल्ले सुंदर आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु प्रवासी कंपन्या कोखेमचा किल्ला, एल्ट्झचा किल्ला आणि दोन तासांची नौका दाखवून लोकांना परत नेतात, आणि ज्या दगडी भिंतींवर हे खोरे उभे आहे त्यांच्याकडे कोणी बोटही दाखवत नाही. या भिंती चुना-सिमेंट न वापरता, नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेल्या आहेत. एक भिंत ढासळली की वरची बाग खाली येते. म्हणून जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पहिला दिवस उतारासाठी ठेवावा, किल्ल्यासाठी नव्हे.

गोदाकाठ (पैठण)

अतिशय उपयुक्त माहिती दिलीत. आम्ही उभयता येत्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टला मुलाकडे जात आहोत आणि हाताशी पाच दिवस आहेत. माझ्या तीन शंका आहेत. पहिली, सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, त्यामुळे असा चढ त्यांना जमणार नाही; मग त्यांनी हे उतार कोठून पाहावेत? दुसरी, आम्ही दोघेही माळकरी आहोत, मद्य तर सोडाच, अंडेही खात नाही. अशा माणसांनी वाइनच्या प्रदेशात जाण्यात काही अर्थ आहे का, असे नातेवाईक विचारतात. तिसरी शंका वाहनाची आहे, कारण मुलाला सुटी मिळणार नाही आणि आम्हाला रेल्वेनेच फिरावे लागेल.

द्राक्षमांडव (जालना)

काका, तिन्ही शंकांना समाधानकारक उत्तर आहे.

काल्मोंटवर चढणारी वाट शिड्या आणि लोखंडी दोरांची आहे. ती आपल्यासाठी नाही, मीही अर्ध्यातून परतलो. परंतु तो उतार खरा दिसतो तो समोरच्या काठावरून. रेल्वेने नेफ या छोट्या स्थानकावर उतरावे आणि नदीकाठच्या सपाट वाटेने श्टूबेन मठाच्या भग्न भिंतींपर्यंत सावकाश चालत जावे. मठाच्या मोकळ्या कुरणात उभे राहिले की नदीपलीकडे संपूर्ण काल्मोंट एखाद्या उभ्या केलेल्या चटईसारखा समोर येतो. सकाळच्या उन्हात तोडणी करणारी माणसे मुंग्यांएवढी दिसतात आणि त्यांच्या शेजारून एकाच रुळावर दातेरी चाकाने चढणारी छोटी गाडी क्रेट घेऊन जाताना दिसते. ताईंना तिथे गुडघ्याचा काहीही त्रास होणार नाही.

नातेवाइकांच्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, मी स्वतः मद्य घेत नाही आणि नऊ दिवसांत मला कुठेही अवघडल्यासारखे झाले नाही. बहुतेक बागायतदार त्याच द्राक्षांचा ताजा रसही विकतात. 'ट्राउबेनझाफ्ट' असा शब्द उच्चारला की पुरे. शरद ऋतूत अर्धवट आंबलेला, ताकासारखा गढूळ रस सर्वत्र मिळतो, त्याला 'फेडरवायसर' म्हणतात. तो गोड लागतो, पण त्यात मद्यार्क असतो, म्हणून तो चुकूनही रस समजून घेऊ नये. त्याच्यासोबत मिळणाऱ्या कांद्याच्या पोळीत अनेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडे असते. बटाट्याच्या धिरड्यांतही बहुधा अंडे घालतात. 'ओने फ्लाइश, ओने आय' म्हणजे मांस नको, अंडे नको, हे वाक्य आम्ही कागदावर लिहून दाखवत होतो. उकडलेले बटाटे, ब्रेड, चीज, कोशिंबीर आणि लाल पीचचा मुरंबा यांवर दिवस निघतो. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी हे उत्तम.

एक गोष्ट आवर्जून पाहावी. वर्षातील जास्तीत जास्त चार महिने बागायतदाराला स्वतःच्या घरी वा अंगणात पाहुण्यांना आपलीच वाइन आणि साधे जेवण देण्याची मुभा असते. दारावर झाडू किंवा पानांचा झुपका टांगला की हे घर आज उघडे आहे असे समजायचे. तिथे बसून रस मागितला तरी कोणी वावगे मानत नाही, उलट बागायतदार आहे असे कळल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला थेट तळघरात नेले आणि आम्ही मुलीला दुभाषी करून दोन तास भुरी आणि केवडा या वेलीवरच्या रोगांबद्दल बोलत बसलो. तीव्र उतारावर ट्रॅक्टर चालत नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तेथील फवारणी हेलिकॉप्टरने होते, आता ड्रोनही येऊ लागले आहेत.

बालाघाट (अंबाजोगाई)

मतभेद नोंदवतो, राग मानू नये. मी 2018 मध्ये दोन्ही नद्या पाहिल्या आहेत. पाच दिवसच असतील तर मी ऱ्हाइनचा बिंगेन ते कोब्लेन्झ हा सुमारे 65 किलोमीटरचा पट्टा सुचवेन. तो 2002 पासून जागतिक वारसा यादीत आहे, दर दोन-तीन किलोमीटरवर एक किल्ला दिसतो, लोरेलायचा कडा आहे, आणि दोन्ही काठांनी रेल्वे असल्यामुळे ज्येष्ठांना सोपे पडते. फ्रँकफुर्टपासूनही तो जवळ आहे.

द्राक्षमांडव (जालना)

आपला मुद्दा योग्य आहे आणि फ्रँकफुर्टहून कोब्लेन्झला येताना ती गाडी ऱ्हाइनच्या काठानेच येते, त्यामुळे काकांना तो पट्टा खिडकीतून दिसेलच. परंतु ऱ्हाइन ही हमरस्त्यासारखी नदी आहे: दोन्ही काठांना रूळ, मालगाड्यांचा रात्रभर आवाज, मोठमोठ्या नौका. मोझेल शांत आहे. 1964 मध्ये ती मोठ्या जहाजांसाठी खुली करताना कोब्लेन्झ ते ट्रियर दरम्यान दहा बंधारे व त्यांना लागून जलपाश बांधले गेले, आणि तेव्हापासून ती पायऱ्या-पायऱ्यांच्या लांबट तलावांसारखी संथ झाली. ढालेगाव किंवा मुदगलच्या बंधाऱ्यामागे हिवाळ्यात गोदावरी जशी काठोकाठ आणि निश्चल दिसते, साधारण तशी. कोखेमहून बाइलश्टाइनला जाणारी नौका यांपैकी एका जलपाशातून जाते. नौका एका मोठ्या हौदात शिरते, मागचे दार बंद होते, पाणी हळूहळू चढते आणि आपण बसल्या जागी काही मीटर वर येतो. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला तास त्या खोऱ्यात नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

ट्रियरबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे आणि तेरजवळ राहतो. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, ही दोन मोठी शहरे सांगितली आहेत. त्याच मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख आहे आणि इटलीच्या वाइनला अधिक पसंती होती असेही नोंदवले आहे. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, जिचे साम्य इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी आहे. म्हणजे आपला मराठवाडा आणि रोमन जग यांच्यातील दळणवळण दोन हजार वर्षे जुने आहे, आणि ही पार्श्वभूमी मनात ठेवून ट्रियरला गेले तर ते शहर परके वाटत नाही.

ट्रियरची स्थापना सम्राट ऑगस्टसच्या काळात झाली. तेथील पोर्टा निग्रा, म्हणजे काळा दरवाजा, इ.स. 170 च्या सुमाराचा आहे. त्या वेळी पैठणवर सातवाहनांचे राज्य होते. हा दरवाजा वालुकाश्माच्या प्रचंड शिळांचा असून त्यात चुना नाही, शिळा लोखंडी कांबींनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. मध्ययुगात लोकांनी शहरातील इतर दरवाजे फोडून दगड नेले, हा मात्र वाचला, कारण अकराव्या शतकात सिमिऑन नावाचा एक साधू त्यात राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर दरवाजाचे चर्च करण्यात आले. पुढे नेपोलियनच्या आदेशाने चर्चचा भाग काढून टाकून रोमन वास्तू मोकळी करण्यात आली. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनचा दरबार येथे भरत असे. त्याचे सभागृह 67 मीटर लांब आणि 33 मीटर उंच आहे आणि आत एकही खांब नाही. ते पाहताना वेरूळच्या शिल्पकारांची आठवण येते, कारण दोन्हीकडे मोकळ्या जागेलाच शिल्प मानलेले आहे, जरी एकांनी ती डोंगरातून कोरून काढली आणि दुसऱ्यांनी विटांनी वेढून घेतली.

वाइनचा इतिहास पाहायचा असेल तर ट्रियरच्या प्रांतिक संग्रहालयात नॉयमागेन गावी सापडलेले दगडी जहाज आहे. ते इ.स. 220 च्या सुमारास एखाद्या व्यापाऱ्याच्या समाधीसाठी घडवलेले असावे असे मानतात. त्यात पिंपे लादलेली आहेत आणि वल्हवणारे नावाडी बसलेले आहेत, त्यांतील एकाच्या चेहऱ्यावरचे हसू अजून टिकून आहे. पीस्पोर्ट येथे चौथ्या शतकातील द्राक्षे तुडवण्याचे दगडी हौद जमिनीखालून निघाले. त्याच शतकात, 371 च्या सुमारास, ऑसोनियस या कवीने या नदीवर दीर्घ काव्य रचले आणि त्यात उतारावरच्या वेलींचे पाण्यातील प्रतिबिंब वर्णिले आहे. तो जे पाहत होता ते आज आपल्याला जवळजवळ तसेच दिसते, हे मला फार मोलाचे वाटते.

सहकारपंथी (परभणी)

याच ट्रियर शहरात 5 मे 1818 रोजी कार्ल मार्क्स यांचा जन्म झाला आणि त्यांचे जन्मघर आज संग्रहालय आहे. मला येथे सांगायचे आहे ते त्यांच्या पुढच्या विचारांबद्दल नसून मोझेलच्या बागायतदारांबद्दल आहे. 1815 नंतर हा प्रदेश प्रशियाकडे गेला, त्या राज्याची बाजारपेठ संरक्षणासह मिळाल्यामुळे लोकांनी कर्जे काढून बागा वाढवल्या. 1834 मध्ये जर्मन राज्यांचा जकातसंघ झाल्यावर दक्षिणेकडची स्वस्त वाइन आली आणि भाव कोसळले. लहान बागायतदार देशोधडीला लागले, अनेक कुटुंबे परदेशी गेली. जानेवारी 1843 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मार्क्स यांनी कोलोनच्या एका वृत्तपत्रात या शेतकऱ्यांच्या दैन्याबद्दल लिहिले आणि अधिकारी तक्रारींकडे कसे पाहतात याची चिकित्सा केली. त्याच वर्षी ते वृत्तपत्र सरकारने बंद पाडले. भाव चढले म्हणून लागवड, लागवडीसाठी कर्ज, आणि पीक हाती येताना धोरण बदललेले: ही साखळी मराठवाड्यातील माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच 1818 सालचा दुसरा माणूस म्हणजे फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन. कोब्लेन्झच्या खाली, नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फ येथे त्यांनी 1864 मध्ये शेतकऱ्यांची पतपेढी उभी केली. एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज, आणि सावकारापासून सुटका. मद्रास प्रांतातील फ्रेडरिक निकोल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतीपतपुरवठ्यावर जो अहवाल दिला, त्याचा निष्कर्षच असा होता की भारताने आपला रायफायझेन शोधावा. त्यातून 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपल्या गावच्या सोसायटीची वंशावळ अशी त्या खोऱ्याच्या तोंडाशी जाऊन पोहोचते. मोझेलला जाणाऱ्यांना एक दिवस जास्त मिळाला तर आर नदीच्या खोऱ्यातील माइशॉस येथेही जावे. तिथे 1868 मध्ये स्थापन झालेली बागायतदारांची सहकारी संस्था आजही वाइन तयार करते. जुलै 2021 च्या महापुरात त्या खोऱ्याची अपरिमित हानी झाली, हे लक्षात घेऊन जावे.

द्राक्षमांडव (जालना)

सर, हा प्रतिसाद वाचून मन भरून आले. भाव पडल्याचा फटका मी स्वतः सोसलेला आहे, म्हणून ते बागायतदार मला दूरचे वाटले नाहीत.

आजची स्थितीही पूर्ण समाधानाची नाही. 1990 च्या दशकाच्या आरंभी या प्रदेशात बारा हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र बागांखाली होते, ते आता साडेआठ हजारांच्या आसपास आले आहे. सपाट जमिनीच्या तुलनेत उतारावर मजुरी कित्येक पट लागते, आणि दुकानाच्या फळीवर मात्र दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. तोडणीला पोलंड आणि रुमानियातून मजूर येतात. सरकार तीव्र उतारासाठी वेगळे अनुदान देते, तरी मुले शहरात गेली की सर्वांत आधी वरची, अवघड पट्टी पडीक पडते. नदीवरून जाताना अशा पट्ट्या स्पष्ट ओळखू येतात: भोवती पिवळी पडत चाललेली ओळीतली बाग आणि मध्येच काटेरी झुडपांचा गर्द चौकोन. वारसाहक्काने वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडले, मग एकत्रीकरण करून रस्ते काढले गेले, हा इतिहासही आपल्यासारखाच आहे. ज्या वृद्ध गृहस्थांनी मला तळघर दाखवले, त्यांच्याकडे अठरा ठिकाणी विखुरलेल्या पट्ट्या होत्या आणि त्यांतील चार त्यांनी सोडून दिल्या होत्या. त्या चारांची नावे त्यांनी मला एकेक करून सांगितली.

अजिंठ्याची वाट (छत्रपती संभाजीनगर)

दोन ठिकाणांची भर घालते. बर्नकास्टेल-कूस येथील बाजारचौक आणि 1416 चे अरुंद लाकडी घर सर्वजण पाहतात, पण पूल ओलांडून पलीकडच्या कूसमध्ये फारसे कोणी जात नाही. तिथे कार्डिनल निकोलस कुझानुस या पंधराव्या शतकातील तत्त्वज्ञाने आपल्या जन्मगावी वृद्ध आणि निराधारांसाठी स्थापन केलेले आश्रयगृह आहे. 33 वृद्धांची सोय व्हावी अशी त्यांची योजना होती, कारण येशूचे आयुष्य 33 वर्षांचे मानले जाते. संस्थेच्या खर्चासाठी द्राक्षबागा लावून दिल्या आणि साडेपाचशेहून अधिक वर्षे झाली तरी ते घर आजही वृद्धांचा सांभाळ करते, बागाही चालू आहेत. त्यांचे हृदय तेथील प्रार्थनामंदिरात पुरलेले आहे आणि हस्तलिखितांचा ग्रंथसंग्रहही तिथेच आहे. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन लावून देण्याची जी रीत होती तिचेच हे रूप, फक्त अखंड राहिलेले.

दुसरे ठिकाण ट्राबेन-ट्रारबाख. 1900 च्या सुमारास वाइनच्या व्यापारात या जुळ्या गावाचे नाव बोर्दोच्या खालोखाल घेतले जाई. त्या श्रीमंतीत ब्रुनो म्योरिंग या वास्तुविशारदाने पुलाचे द्वार आणि अनेक इमारती उभारल्या. त्याने बांधलेल्या वाइनच्या एका जुन्या पेढीत आता बुद्धमूर्तींचे संग्रहालय आहे, वेगवेगळ्या देशांच्या सुमारे दोन हजार मूर्ती. लेण्यांच्या जिल्ह्यातून गेलेल्या मला, नदीकाठच्या त्या जर्मन गावात, रांगेने बसलेल्या बुद्धांसमोर उभे राहताना काय वाटले ते लिहिता येणार नाही.

पुराच्या खुणाही पाहाव्यात. कोखेम, बाइलश्टाइन, बर्नकास्टेल येथे घरांच्या भिंतींवर 1784, 1993, 1995 अशा रेघा कोरलेल्या आहेत. 1784 ची रेघ बहुतेक ठिकाणी डोक्यापेक्षा वर आहे.

गोदाकाठ (पैठण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सौभाग्यवतींना हे सर्व वाचून दाखवले आणि त्यांनी पहिल्यांदाच जाण्याचा उत्साह दाखवला. असा बेत आखला आहे: पहिल्या दिवशी कोब्लेन्झ, दोन नद्यांचा संगम, दुसऱ्या दिवशी एल्ट्झचा किल्ला व कोखेम, तिसऱ्या दिवशी बाइलश्टाइनची नौका आणि नेफ, चौथ्या दिवशी रेल्वेने बर्नकास्टेल, पाचव्या दिवशी ट्रियर. आपल्याकडच्या बागेसाठी रीसलिंगच्या दोन काड्या आणाव्यात का, असे आमचे पुतणे विचारत आहेत.

द्राक्षमांडव (जालना)

काका, बेतात तीन बदल करावेत.

एल्ट्झचा किल्ला एकाच घराण्याकडे साडेआठशे वर्षांहून अधिक काळ आहे, तो कधीही उद्ध्वस्त झाला नाही आणि तो पाहण्यासारखाच आहे. परंतु मोझेलकेर्न स्थानकापासून ओढ्याच्या काठाने जाणारी वाट तासा-सव्वा तासाची आणि शेवटी चढाची आहे. ताईंसाठी मोसमात धावणारी बस पाहावी, ती नसेल तर किल्ला वगळावा. कोखेमचा किल्ला 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने उडवला आणि आज दिसतो तो बर्लिनच्या एका व्यापाऱ्याने 1868 नंतर पुन्हा बांधलेला आहे, हे ठाऊक असलेले बरे. नदीवरून पाहिला तरी पुरतो.

बर्नकास्टेलला रेल्वे नाही. मुख्य मार्ग प्यूंडरिखनंतर नदी सोडून डोंगराआड जातो. म्हणून बुलाय येथे गाडी बदलून ट्राबेन-ट्रारबाखला जावे आणि तेथून बस घ्यावी. प्रादेशिक गाड्या आणि बससाठी महिन्याचे एकच तिकीट मिळते. आम्ही गेलो तेव्हा ते 49 युरोचे होते, नंतर त्याची किंमत वाढली आहे.

काड्या मात्र मुळीच आणू नयेत. परवानगी आणि विलगीकरणाशिवाय लागवडीचे साहित्य देशात आणणे बेकायदा आहे, आणि एका काडीबरोबर जो रोग येईल तो पुतण्यांच्याच नव्हे, साऱ्या तालुक्याच्या बागांत शिरेल. फायलोक्सेरा युरोपात असाच, अमेरिकेतून आणलेल्या हौसेच्या वेलींबरोबर आला होता.

आणि कोब्लेन्झहून ट्रियरकडे जाताना गाडीत डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे. कोखेमपर्यंत नदी त्याच बाजूला राहते, मग चार किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि बुलायनंतर गाडी पाऊणएक किलोमीटर लांबीच्या कमानींच्या पुलावर येते, तेव्हा खाली पुन्हा डावीकडेच मोझेल, प्यूंडरिखची घरे आणि त्यांच्या मागचे उतार एकदम उघडतात. हे दृश्य अर्ध्या मिनिटात संपते, तेव्हा ताईंना आधीच खिडकीशी बसवून ठेवावे.